धुळातात्यांची अर्धी पुस्तकं

आजार ओळखण्यात आमच्या शेळगावात धुळातात्यांचा हात धरणारा कुणी नाही. जीभ बघतील, डोळ्याखालची कातडी ओढून बघतील आणि काविळीची सगळी लक्षणं घडाघडा म्हणून दाखवतील. मग आपण विचारावं, "तात्या, औषध?" तात्या शांतपणे सांगतात, "पुढचं पान न्हाय."

यात चेष्टा नाही. त्यांच्या वैद्यकाच्या पुस्तकाला खरोखरच पुढचं पान नाही. त्यांच्या एकाही पुस्तकाला नाही.

तात्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. शाळा दोन वर्षं, तीही सलग नव्हे. वडील त्यांना घेऊन बारामतीच्या बाजारात लोकर विकायला जायचे, तिथं एक किराणावाला पुड्या बांधायला रद्दीतली पुस्तकं घ्यायचा. पानं फाडायचा ती शेवटाकडून. निम्मं उरलं की या पोराच्या हातावर ठेवायचा. अशी चौदा-पंधरा पुस्तकं पत्र्याच्या पेटीत आहेत आणि तात्यांचं सगळं शहाणपण त्या पेटीतून आलं आहे.

डाळिंबाची बाग त्यांनी पुस्तकाबरहुकूम लावली, छाटणीपर्यंत. फवारणी फाटलेल्या भागात होती, त्यामुळे बाग तेल्या रोगानं गेली. पत्रलेखनाचं पुस्तक खुशालीपाशी तुटतं. नळासाठी ग्रामपंचायतीला केलेला त्यांचा अर्ज मी स्वतः वाचला आहे. सरपंचांना साष्टांग नमस्कार, इकडे सर्व कुशल, आणि खाली सही. नळाचं नाव नाही. मी हसले तर म्हणाले, "समद्यांचंच पुढचं पान कुणीतरी फाडल्यालं असतंय, बाई. आपण आपलं म्होरं चालायचं."

मी इथल्या शाळेत शिकवते, राहते त्यांच्या शेजारी. अर्धवट काही दिसलं की पुरं करायची मला खोड आहे. वह्या तपासून तपासून लागली असावी.

पेटीत कादंबरी एकच. त्यातला मुलगा बापाशी भांडून घर सोडतो, परमुलखात अंथरुणाला खिळतो, आणि तिथं पानं संपतात. दुपारी त्यांच्या पत्नी पारूकाकू ज्वारी निवडायला बसल्या की तात्या ती वाचून दाखवतात. काकूंना अक्षरओळख नाही. पानं संपली तरी तात्या थांबत नाहीत. शेवटच्या पानावर नजर ठेवून तसेच पुढं वाचत राहतात. पोरगं बरं होतं, कामाला लागतं, एक दिवस दारात उभं राहतं. आईची भाकरी तेव्हा तव्यावर असते. एवढ्या एकाच पुस्तकाबाबत त्यांनी काकूंना कधी "पुढचं पान न्हाय" म्हटलेलं नाही. काकू दर वेळी एकच बोलतात, "आपला म्हादू बी असाच येतोय बघा."

म्हादू त्यांचा मुलगा. तात्यांशी भांडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. त्याचा फोनही नाही.

हे सगळं ठाऊक असून मी शहाणपणा केला. इंदापुरात जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती कादंबरी पूर्ण मिळाली. शेवट वाचायचीही मला सवड झाली नाही. तशीच त्यांच्या अंगणात गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "तात्या, शेवटची पानं आणली."

काकूंच्या हातातलं सूप थांबलं. "म्हंजी? ह्या पुस्तकाला शेवट नव्हता? मग पोरगं घरी आलं, ते कुठं लिवलं होतं?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. काकूंना म्हणाले, "बाई आल्यात, च्या टाक. मग वाचतो."

काकू आत गेल्या. तात्यांनी शेवटची पानं मनातल्या मनात वाचली, बोट ओळीखाली सरकवत. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचलं. पोरगं त्याच अंथरुणात मरतं आणि आईला पत्र येतं. मला माझी लाज वाटली.

जन्मभर फाटक्या पानांवर दिवस काढलेल्या माणसानं ती पानं स्वतःच्या हातानं फाडली. सावकाश, शिवणीपासून. मग किराणावाल्यासारखा त्यांचा शंकू वळला, कोनाड्यातलं मेथीचं बी त्यात ओतलं आणि पुडी माझ्या हातात दिली. "घरी न्या. पेरा."

काकू चहा घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या. तात्यांनी उरलेलं पुस्तक तोंडासमोर धरलं. पोरगं अंथरुणात उठून बसलं. बरं झालं, गाडीत बसलं, गावाच्या फाट्यावर उतरलं. हे मी भिंतीपलीकडून पुष्कळदा ऐकलं होतं. मग तात्यांचा आवाज जरा खाली आला.

"आन बाप फाट्यापतोर सामोरा गेला. पोराच्या हातातली पिशवी घितली. म्हणला, चुकलं माझं. चल, भाकर खा."

काकूंनी चहा खाली ठेवला. "ह्ये आधी नव्हतं," त्या म्हणाल्या.

"व्हय," तात्या म्हणाले. "पुढच्या पानावर हाय."