रेतीचे वैरी

शेषराव मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी नखानं भिंत खरवडायचे. चहा नंतर. आमच्या प्रताप नगरच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा बैठकीचा कोपरा खरवडून सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, रेती लय घातली बाप्पा!" माझ्या बायकोनं त्यांना दुसरा लाडू वाढला नाही.

उभा जन्म गवंडीकामात गेला, पण रेतीचा ट्रक दिसला की हा माणूस तोंड फिरवायचा. त्यांचं म्हणणं एकच, "राखड घाला." राखड म्हणजे राइस मिलच्या भट्टीत धानाचा कोंडा जळून उरते ती राख. उमरेडकडून एसटीनं पोती भरभरून आणायचे.

एकदा कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय आहे?"

"राख."

कंडक्टरचा आवाज एकदम मऊ झाला. "कोनाची?"

"धानाची."

त्याला ऐकू आलं 'धनाची', म्हणजे धना नावाच्या कुणा बाईची. "घरच्याच होत्या का जी?"

"घरची काहून? मिलची आहे. आखीन चार पोते तिथंच पडून आहेत."

कंडक्टरनं त्यांना आपली सीट दिली आणि नागपूर येईपर्यंत स्वतः दारात उभा राहिला.

राखेची भिंत बांधून कोण घेणार? "मेल्यावर राख आहेच, आतापासून काहून?" असं लोक तोंडावर म्हणायचे. शेवटी मलाच दया आली. मागचं कुंपण बांधायचं होतं. त्यांनी रेती अजिबात घातली नाही. शेजारच्या बकरीनं अंग घासलं आणि हातभर भिंत खाली आली. मी पोट धरून हसलो. ते मात्र ढेकळं चुरत बसले.

"निम्मी रेती घ्याच लागंल," ते म्हणाले. "आता पडली तर सोडलं साहेब. मंग मले कोनी भिंतीले हात लावू देनार नाही."

त्यांनी जुन्या धोतरातून राखड दोनदा गाळली आणि निम्मी रेती घालून भिंत पुन्हा उभी केली. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाणी मारलं. बकरी आली, मनसोक्त अंग घासून गेली. भिंत हलली नाही. मी लगेच उरलेलं कुंपण आणि वरच्या खोलीचं काम त्यांना देऊन टाकलं.

कामावर रेजा म्हणून, म्हणजे विटा-माल वाहायला, त्यांच्या पत्नी गंगाबाई आल्या. त्या विटा आणायला गेल्या तेव्हा मी विचारलं, "मिस्त्री, रेतीनं तुमचं काय वाकडं केलं?"

त्यांनी आवाज खाली आणला. "हिनं खाप्याच्या घाटावर कन्हान नदीची ओली रेती वीस वर्सं डोक्यावर वाह्यली जी. मान गेली तिची. राखडीचं घमेलं हलकं राह्यते."

मला माझ्या त्या हसण्याची फार लाज वाटली.

गंगाबाई घमेलं घेऊन आल्या. "पुरं भरा ना जी. अर्धंच काहून देऊन राह्यले?"

शेषरावांनी फावडं भरून उचललं, बायकोकडे पाहिलं, फावडं परत ढिगावर रिकामं केलं आणि हातानं चिमूटभर राखड घमेल्यात टाकली.

"घे," ते म्हणाले. "भरलं."