चिकोडे सरांचा न संपणारा फळा

हाताला खडू नसताना हात झटकणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी रोज पाहते. बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर चिकोडे सर राहतात. संध्याकाळी पाचला त्यांचा ऑनलाइन वर्ग सुटला, की ते गॅलरीत येतात आणि टाळ्या वाजवल्यासारखे दोन्ही हात झटकतात. खाली माझे पापड वाळत असतात. पहिल्या दिवशी मी धावत जाऊन पापडांवर पंचा टाकला. मग लक्षात आलं, अहो, हा माणूस काचेवर बोटानं लिहितो, खडूची पूड यायची कुठून! पण सवय लागली ती लागली. अजूनही टाळी ऐकली की मी पंचा घेऊन उठते.

सर निपाणीकडचे. छत्तीस वर्षं मराठी शाळेत मास्तर. बायको गेल्यावर मुलानं इथं आणलं, आणि वर्षभरात मुलगाच कंपनीच्या कामावर परदेशी गेला. सर म्हणतात, "बसमध्ये पिशवी विसरतात की हो अक्का, तसा राहिलो मी."

गणपतीत कुणीतरी त्यांना गळ घातली. पुण्यामुंबईहून आलेल्या आयटीवाल्यांची मुलं घरात मराठी बोलतात, पण वाचायला दिलं की भिंतीकडे बघतात, त्यांना शिकवा. मुलं गावाच्या चार टोकांना, मधे ही ट्रॅफिक. म्हणून ऑनलाइन. अकरा मुलं जमली. मुलानं तिकडून टॅबलेट पाठवला, त्यात फळा होता. माझी शाळा सातवीत सुटलेली, पण फोन मी माझी मी शिकले, म्हणून सरांनी मला मदतनीस नेमलं.

काय सांगू तुम्हाला. टॅबलेट त्यांनी भिंतीतल्या फळीवर, फळ्याच्या उंचीला उभा केला आणि शिकवायचे उभ्यानं. आधी उजव्या कोपऱ्यात वार, दिनांक, विषय, पट, हजर. दोन शब्द लिहून झाले की बाजूला सरकायचे आणि विचारायचे, "मागच्यांना दिसतंय का?" मी म्हटलं, सर, यात मागचं कुणी नसतं, सगळी पोरं पुढच्याच बाकावर. "सरी, सरी," म्हणाले, म्हणजे कानडीत बरं बरं, आणि पुन्हा बाजूला सरकले.

पण खरा घोटाळा वेगळाच. सर फळा पुसेनात. त्या फळ्याला शेवट नव्हता. भरला की बोटानं डावीकडे ढकलायचा, उजवीकडे कोरी जागा तयार. सरांना ते इतकं आवडलं, की गणपतीनंतर सुरू केलेला फळा संक्रांत आली तरी चालूच. पोरं हरवायला लागली. कुणी 'क'पाशी, कुणी भलतीकडे कोऱ्या रानात. "सर, तुम्ही कुठे आहात?" असं रडवेल्या आवाजात विचारायची. सर वाट सांगायचे, "उजवीकडं ये बाळ. नदी लागली? ती ओलांड. आंब्याचं झाड दिसलं की स्वल्प खाली उतर." नदी आणि आंबा त्यांनीच कधीतरी काढलेले. एक पोरगा दहा मिनिटं उजवीकडे चालत राहिला, त्याला कोणीच भेटलं नाही. तो वर्गात परत आलाच नाही.

मुलानं फोनवर कानीकपाळी ओरडून सांगितलं, बाबा, रोज पुसा, निदान एक बटण दाबून सगळ्यांना तुमच्यापाशी बोलवा. बटण मीही शोधून दिलं. सर "सरी, सरी" म्हणायचे आणि ढकलायचे डावीकडे. अकराची सात झाली, सातची चार, मग उरली एक मीरा. आठ वर्षांची, गावाच्या पार टोकाच्या व्हाइटफील्डची. कोपऱ्यात मात्र पट अकराच. मी डिवचलं, तर म्हणाले, "पटावरनं नाव कमी करायचं काम हेडमास्तरांचं. माझं नव्हे."

फेब्रुवारीत मीराच्या आईचा निरोप आला. फळा इतका जड झालाय की त्यांच्या फोनवर उघडतच नाही. पुसलात तर बरं, नाहीतर वर्ग थांबवावा लागेल.

मी म्हटलं, पुसा आता. एका फळ्यापायी शेवटचं पोर घालवता काय?

 सर खुर्ची ओढून बसले, तेही पहिल्यांदाच, आणि फळा उलटा उजवीकडे ढकलायला लागले. आंबा गेला, नदी गेली, बाराखडी गेली. अगदी सुरुवातीला पोचलो. तिथं अकरा नावं होती. पहिल्या दिवशी एकेका पोरानं सरांचं बघून स्वतः बोटानं लिहिलेलं, आयुष्यातलं पहिलं मराठी नाव. कुणाचं उतरणीला लागलेलं, कुणाचं दोन हत्तींएवढं.

"अक्का, छत्तीस वर्षं लिहिलं. रोज संध्याकाळी पोरांनी पुसलं. हाताला लागलेला खडू सोडून घरी काही आणलं नाही मी. हा एवढाच फळा राहिला."

फुकटच्या खात्यात एकच फळा मिळतो, आणि मुलाला दुसरा मागायचा नाही म्हणाले. मी आपली माझ्या फोनवर त्या नावांचा फोटो काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. "हे चित्र झालं. यात कुणी परत येऊन लिहू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी पुसायचं बटण दाबलं. टॅबलेटनं विचारलं, खात्री आहे का? सर त्याला म्हणाले, "नाही." आणि 'हो'वर बोट ठेवलं. सगळं पांढरं झालं.

कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, पट १.

मीरा आली. फळा झटकन उघडला. तिनं फळा इकडेतिकडे ढकलून पाहिला. मग म्हणाली, "सर, आमची नावं कुठे गेली?"

"पुसली, बाळ. तू लिही तुझं."

तिनं लिहिलं. सरळ रेषेत, नीट. आणि थांबली नाही. त्याखाली दुसरं नाव लिहिलं, मग तिसरं. सरांना शोधत रोज सुरुवातीपासून त्याच वाटेनं जायची ना पोर, नावं वाचत वाचत गेलेली. सहा झाली आणि बोट अडलं. "पुढची आठवत नाहीत, सर."

सरांना अकराही पाठ. पण सांगितली नाहीत. "राहू दे. त्यांची जागा सोड."

मे महिन्यात मीराचे वडील पुण्याला परत चाललेत, तिथं शाळेतच मराठी, म्हणजे हा वर्गही संपला. सरांना माहीत आहे, मीच सांगितलं.

फळा पुसला त्या संध्याकाळी पाचला मी सवयीनं पंचा घेऊन अंगणात उभी राहिले. सर गॅलरीत आले. दोन्ही हात समोर धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. झटकले मात्र नाहीत.