गुंड्याचा जादा तास

सोनखांब नगरपरिषदेने चैत्रात घड्याळं एक तास पुढे सरकवली, आणि पेंढारकरांचा कुत्रा गुंड्या चुकून दोन तास पुढे गेला.

सोनखांबची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, चैत्रात पुढे आणि कार्तिकात मागे. माणसं कुरकुरत का होईना, जुळवून घेतात. मुक्या जनावरांना मात्र ते एकदम सोसत नाही, म्हणून चैत्रात नगरपरिषद प्रत्येकासाठी दहा-दहा मिनिटांच्या सहा पुड्या देते. रोज सकाळी एक पुडी दुधात ढवळून पाजली की सातव्या दिवशी जनावर गावाच्या वेळेवर येतं. पद्धत जुनी आहे आणि आजवर तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

इथे घोळ झाला तो अबोल्यामुळे. सदानंद पेंढारकर मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं आणि हट्ट बेहिशेबी. त्यांनी परसातला शेवगा बायकोला न विचारता तोडला. तो कुमुदताईंनी हाताने लावलेला होता. त्या दिवसापासून दोघांत शब्द नव्हता. जे सांगायचं ते गुंड्याला सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. "गुंड्या, यांना म्हणावं, पान वाढलंय." अशा घरात पुड्या आणल्या का, हे कोण कुणाला विचारणार? सदानंदरावांनी एका खिडकीवरून सहा आणल्या, कुमुदताईंनी दुसऱ्या खिडकीवरून सहा. ते सहाला पाजत, त्या आठला. गुंड्या दोन्ही वेळा वाटी रिकामी करून मोकळा होई.

सातव्या दिवशी तो पोस्टमनवर भुंकला आणि पोस्टमन तासाभराने आला. सोमवारी नऊच्या सुमारास तो लंगडायला लागला, आणि दहाला सदानंदरावांचा पाय त्याच्या पंजावर पडला. शेजाऱ्यांना याचा त्रास नव्हता. उलट तासाभराने व्हायच्या गडगडाटाला घाबरून गुंड्या पलंगाखाली शिरला की गल्लीतल्या बायका गच्चीवरचे पापड आत घेत. पण कुणीतरी रीतसर कळवलंच.

शुक्रवारी पावणेचारला पशुवेळ निरीक्षक वाघचौरेबाई आल्या, ओसरीवर बसल्या आणि त्यांनी नियम समजावून सांगितला. गावाच्या पुढे गेलेलं जनावर गावात ठेवता येत नाही. पाच वाजता त्याला नगरपरिषदेच्या कोठीत न्यावं लागेल, कार्तिकापर्यंत. तास परत घेण्याची सोय आहे, पण त्यासाठी जादा पुड्या कुणाच्या हे घरातल्या एकाने कबूल करायचं आणि दुसऱ्याने त्याला हो म्हणायचं.

गुंड्या गेला तर घरात बोलायला कुणीच उरणार नव्हतं. तरी सदानंदरावांची जीभ वळेना. आपण सहाला पाजत होतो, म्हणजे जादा पुड्या आठच्याच, हे त्यांना सरळ दिसत होतं. कुमुदताई ओचा सारखा करत समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. कुत्र्याच्या नोंदणीच्या कार्डावर नाव त्यांचं होतं, तेव्हा पुड्या आणायचा हक्क आपलाच, असा त्यांचाही हिशेब पक्का असणार.

चारचे टोले पडले. गुंड्या उठला, कुमुदताईंच्या पायावर हनुवटी टेकून आडवा झाला, आणि त्याची शेपटी सदानंदरावांच्या खुर्चीच्या पायावर आपटायला लागली. अबोल्याच्या गेल्या तेवीस दिवसांत त्याने असं केलं नव्हतं.

वाघचौरेबाईंनी चष्मा चढवून पाहिलं. "मी याला पाचला नेणार होते. पण याचे आत्ताच पाच वाजलेत आणि हा इथेच आहे," त्या म्हणाल्या. "नोंद तशीच करावी लागेल. थांबते मी तासभर."

म्हणजे या तासात कुणीतरी कबूल करणार, हे ठरलेलंच होतं. सदानंदरावांना हायसं वाटलं. ते आरामात मागे टेकले आणि कुमुदताईंनी तोंड उघडण्याची वाट पाहू लागले. पाऊण तास गेला. मग त्यांच्या ध्यानात आलं की कुमुदताईही तशाच आरामात टेकून बसल्या आहेत. शेपटी मात्र थांबत नव्हती. सदानंदरावांना स्वतःची लाज वाटली. कुत्रा तासभर आधी खूश होऊन बसला होता आणि आपण दोघं त्याला ताटकळत ठेवत होतो.

"कुमुद," ते म्हणाले, "जादा पुड्या माझ्या. आणि झाड तोडण्याआधी तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

कुमुदताई त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "अहो, रोज आठला मी वाटी घ्यायचे तेव्हा तिला आधीचं दूध लागलेलं असायचं. मला दिसत होतं. पण विचारायचं कुणाला?"

"दोघांची कबुली चालत नाही. एकच ओळ आहे," वाघचौरेबाई म्हणाल्या. त्यांनी सदानंदरावांचं नाव लिहिलं. कुमुदताईंनी हो म्हटलं, आणि ते 'हो' कागदाला लागत होतं त्यापेक्षा जरा मोठ्याने म्हटलं.

पाचचे टोले पडले. आता गुंड्याने मागचा एक तास पुन्हा काढायचा, जसाच्या तसा, की तो गावाच्या वेळेवर येईल, असं सांगून बाईंनी शिक्का मारला आणि त्या चपला घालून निघाल्या. जाताना त्यांनी बजावलं की तासभर त्याला जागचा हलवू नका.

गुंड्याने कुमुदताईंच्या पायावर पुन्हा हनुवटी टेकली. शेपटी पुन्हा आपटायला लागली. सदानंदरावांनी खुर्ची जरा पुढे ओढली, आणि शेवगा पावसाळ्यात कुठे लावायचा याबद्दल दोघं बोलू लागले. कुमुदताईंच्या पायाला मुंग्या आल्या, पण सहा वाजेपर्यंत त्यांनी पाय काढला नाही.