नानांचा सर्व्हर आपोआप सुरू होत नाही

भास्करनानांना आम्ही शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी हजर. "सर्व्हर कोण सुरू करणार?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. पुढची दोन वर्षं हे रोज चाललं.

जळगावातलं आमचं कॉलेज लहान. ग्रंथालयाची यादी, मुलांची हजेरी, सगळं एका जुन्या मशीनवर. संध्याकाळी वॉचमन इमारतीचं मेन स्विच बंद करतो, त्यामुळे मशीन रोज सकाळी नव्याने सुरू होतं. पण त्याच्यावरचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर सुरू होत नाही, कारण ते नानांनी स्वतः बनवलेलं.

म्हणजे असं, की बाकीचे लोक हे सॉफ्टवेअर तयार घेतात. ते बसवलं की मशीनबरोबर आपोआप चालू होतं. नानांना तयार काही चालत नाही. ते मूळ कोड उतरवून घेणार, त्यातून चालणारं सॉफ्टवेअर स्वतः तयार करणार, म्हणजे कम्पाइल करणार, आणि आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणार. "तयार आणलं तर आत काय घातलंय कोणाला माहीत, ताई?" कम्पाइल चालू असताना स्क्रीनवरून हजारो ओळी पळायच्या आणि नाना खुर्ची ओढून त्या वाचत बसायचे. मध्येच मान डोलवायचे. एकदा मी विचारलं, "एवढ्या वेगात दिसतं काय?"

"चूक झाली की थांबतं. थांबत नाही म्हणजे बठ्ठं ठीक शे, सगळं बरोबर. तेच बघायला बरं वाटतं."

पण अशा हाताने बनवलेल्या सॉफ्टवेअरची मशीनला खबर नसते. ते रोज कुणीतरी सुरू करावं लागतं. नाना कमांड टाइप करायचे, मशीनच्या डब्यावर तळहात ठेवून "उठला" म्हणायचे आणि मग दुपारपर्यंत लॅबमध्येच. कीबोर्ड उघडून झटकायचे, वायरींना चिठ्ठ्या लावायचे, माझ्या वाटणीचा चहा गार झाला म्हणून मलाच रागवायचे. त्यांच्या जागी मी लागले होते, पण हे फक्त कागदावर.

नवे प्राचार्य आले. त्यांनी नानांना सरळ विचारलं, "हे आपोआप सुरू होत नाही का?"

"घरचं बनवलेलं आहे, सर. त्याला हाक मारावी लागते," नाना गंभीरपणे म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मशीनला ते आपोआप सुरू करायला सांगणारी चार ओळींची फाईल लिहिली की काम होतं, हे मला ठाऊक होतं. पण नानांच्या मशीनला हात लावायचा धीर होईना. मी आज-उद्या करत राहिले.

मग नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. गावातच मेहरूण भागातल्या घरी ते एकटेच, डोळ्यांत औषध घालायलाही कोणी नाही, म्हणून त्यांची थोरली बहीण अक्का त्यांना धुळ्याला घेऊन गेली. जाताना सर्व्हर कसा सुरू करायचा याच्या सूचना नानांनी तीन पानं भरून लिहून दिल्या. तरी रोज सकाळी फोन. "उठला का?" मागून अक्कांचा आवाज यायचा, "भास्कर, फोन ठेव. डॉक्टरनी आराम सांगेल शे."

चौथ्या दिवशी सरांनी काम संपवायलाच सांगितलं. मी ती फाईल लिहायला नानांचं फोल्डर उघडलं, तर फाईल तयारच होती. नीट, नेटकी, एकही चूक नाही. तारीख त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यातली. ती लागू करायची एकच कमांड राहिली होती.

मी फोन केला. "नाना, इथे एक फाईल दिसतेय."

पलीकडून अक्कांच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"चालते ती," नाना हळू म्हणाले. "मी तपासलीय."

"मग लावली का नाही?"

"शेवटच्या दिवशी लावणार होतो. हात गेला नाही. सकाळी सात वाजता माझं सगळं आवरून होतं, ताई. पुढे काही नसतं." मग म्हणाले, "लावून टाका आता."

"तुमची फाईल आहे. तुम्ही आल्यावर लावू," मी म्हणाले. सरांकडून मी आठ दिवस मागून घेतले.

नाना काळा चष्मा लावून आले. माझ्यासमोर ती कमांड दिली, मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केलं. मशीन सुरू झालं आणि थोड्या वेळात ग्रंथालयाचं पान आपोआप उघडलं.

"झालं," नाना म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले.

"नाना," मी म्हणाले, "पहिल्या वर्षाच्या मुलांना मूळ कोडवरून सॉफ्टवेअर बनवायला शिकवायचंय. मला ते कधीच नीट जमलेलं नाही. सरांना विचारलंय, हो म्हणालेत. उद्यापासून घ्याल का तास?"

हे खरंच होतं. मला जमत नाही.

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "उद्या? आज कोणी आलेलं नाही का?"

मी वर्गातून सहा मुलं गोळा करून आणली, तोवर नानांनी फळा पुसून ठेवला होता आणि हातात खडू घेऊन ते दाराकडे बघत उभे होते.