किटीबाईंचा कुस्करा

डिसेंबरात भास्कररावांच्या अंगाला पावाचा वास येई. कारण साधं होतं. इथल्या आयरिश घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. लोक त्यात टॉवेल आणि शर्ट वाळवतात. भास्करराव त्यात पाव वाळवत. वरच्या फळीवर शर्ट, खालच्या दोन फळ्यांवर पावाचे काप, आणि दाराला आतून चिकटवलेला एक कागद. कोणता काप कोणत्या दिवशी उलटला, याची त्यावर नोंद.

टॅला या उपनगरात आमच्या समोरच्या घरात ते एकटे राहत. वय पंचावन्नच्या आसपास, मूळचे नागपूरचे, लग्न केलेलं नाही. जवळच्याच क्लोनडॉकिनच्या एका कंपनीत ते सॉफ्टवेअर तपासत. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि लिहून कळवायच्या, एवढंच त्यांचं काम. ते त्यांनी घरीही चालू ठेवलं होतं. कचऱ्याची गाडी किती मिनिटं उशिरा आली, हे गल्लीत फक्त त्यांना माहीत असे. कोणी काही छातीठोकपणे सांगू लागलं, की ते हात वर करून म्हणत, ‘निष्कर्ष नंतर. आधी निरीक्षण.’ माझी पत्नी सुमन त्यांच्या माघारी त्यांना ‘निष्कर्षनंतर’ असंच म्हणायची.

पावाचं प्रकरण त्यांच्या शेजारच्या किटीबाईंमुळे सुरू झालं. त्या ऐंशीच्या घरात, विधवा, एकट्या. २०१३ च्या नाताळाआधी त्यांचं मनगट मोडलं आणि टर्की पक्ष्याच्या पोटात भरायचं स्टफिंग कोण करणार, हा प्रश्न पडला. त्यांनी कुंपणावरून भास्कररावांना हाक मारली. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून त्या खुर्चीत बसल्या आणि भास्कररावांनी त्या सांगतील तसं केलं. चार दिवसांचा शिळा पाव हातानं चुरायचा. मिक्सर चालणार नाही, भुगा होतो. कांदा लोण्यात मंद आचेवर शिजवायचा, त्याला घाम फुटला पाहिजे पण रंग येता कामा नये. मग सेजची पानं, थाइम, पार्सली, आणि सगळं हलक्या हातानं एकत्र करून भाजायचं. भास्करराव शाकाहारी, म्हणून ते पक्ष्याच्या पोटात न भरता वेगळ्या टिनमध्ये. किटीबाईंच्या फ्रीजमध्ये बिनमिठाचं लोणी होतं, त्याचीही नोंद झाली. पुढं दरवर्षी तेच आलं.

मनगट बरं झालं, पण काम भास्कररावांकडेच राहिलं. दर नाताळला सकाळी अकरा वाजता ते टाय लावून, टिन दोन्ही हातांत धरून, वीस पावलांवरच्या दारात जाऊन उभे राहत.

विशेष म्हणजे त्यांनी स्वतः ते कधी चाखलं नाही. त्यात त्यांना न चालण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात नैवेद्य दाखवायच्या आधी चाखलं, तर पळीचा फटका बसे. दुसऱ्याच्या सणाचं अन्न ते त्याच हिशेबात धरत. आणि दिल्यावर परत मागून खाणं त्यांच्याच्यानं होत नसे. सुमन म्हणायची, हा तर आपला पोळीचा कुस्कराच, फक्त पावाचा. ते गंभीरपणे सांगत, ‘वहिनी, कुस्कऱ्यात कांद्याला रंग येतो.’

किटीबाईंचा अभिप्राय दरवर्षी एकच असे: ‘ग्रँड आहे, बास्कर.’ यानं त्यांची झोप उडे. ग्रँड म्हणजे उत्तम, बरं, की चालेल? इथली माणसं पावसालाही ग्रँड म्हणतात आणि पाय मुरगळल्यावरही म्हणतात. किटीबाईंना त्यांनी एकदा दहापैकी गुण मागितले. त्या म्हणाल्या, ‘ग्रँड.’

२०२० च्या मे महिन्यात सुमन गेली. कोविडमुळे शेवटच्या निरोपाला दहाच माणसांना परवानगी होती. गाडी गल्लीतून निघाली तेव्हा लोक आपापल्या फाटकाशी उभे होते. भास्करराव टाय लावून उभे होते. ते काही बोलले नाहीत, नंतरही नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्याच वर्षी, पावसाळी ऑक्टोबरात किटीबाई पडल्या. त्यांच्या भाचीनं त्यांना पोर्टलीशला, तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. आत कुणाला सोडत नव्हते. डिसेंबर लागला आणि माझ्या लक्षात आलं, की समोरच्या हॉट प्रेसमध्ये पाव आला आहे.

मी म्हटलं, आता कुणासाठी? ते म्हणाले, ‘निष्कर्ष नंतर.’

घरचं अन्न आश्रमात घेत नसत. भास्कररावांनी तिथल्या मेट्रनना तीन ईमेल पाठवले: जिन्नसांची यादी, भाजण्याचं तापमान, हात किती वेळा धुतले, आणि टिनचा फोटो तीन बाजूंनी. तिसऱ्या मेलनंतर परवानगी आली. मला वाटतं, चौथा येऊ नये म्हणून आली.

नाताळच्या आठवड्यात काऊंटीबाहेर, म्हणजे आपल्या जिल्ह्याबाहेर, जायला मोकळीक होती. आम्ही निघालो. मी मागच्या सीटवर, चारही काचा खाली, दोघांच्या तोंडावर मास्क, आणि टिन पुढच्या सीटवर पट्टा लावून. तासभर थंडीनं माझे दात वाजत होते आणि तिकडे टिन शालीत होतं.

किटीबाईंना खिडकीशी आणून बसवलं होतं. काचेच्या आतून एक सेविका त्यांच्या कानाशी फोन धरून उभी होती. आम्ही बाहेर गवतावर, भास्कररावांच्या फोनचा स्पीकर चालू. त्या फार लहान दिसत होत्या. सेविकेनं टिनमधलं चमचाभर त्यांना भरवलं. भास्कररावांनी खिशातून वही काढली.

किटीबाईंनी घास घोळवला. मग टेबलावर हात फिरवून काहीतरी शोधू लागल्या.

‘मीठ कुठं ठेवलंय?’

सेविकेनं मान हलवली. मीठ तिथं टेबलावर नसे.

किटीबाईंनी काचेतून भास्कररावांकडे पाहिलं. ‘बास्कर, यात मीठ नाही रे. कधीच नव्हतं.’

भास्कररावांची पेन्सिल थांबली.

‘त्या वर्षी डॉक्टरांनी मला मीठ बंद केलं होतं, म्हणून मी तुला घालायला सांगितलं नाही. पुढं तू दरवर्षी बिशपसारखा दारात यायचास. काय बोलणार? तू गेलास की मी वरून घालून घ्यायचे.’

‘सात वर्षं?’

‘ग्रँड लागायचं मग,’ किटीबाई म्हणाल्या, आणि पुढचा घास मागितला.

परतीच्या वाटेवर त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. दुखावले असतील, असं मला वाटलं. मग ते पुढं बघतच म्हणाले, ‘सात आवृत्त्यांत चूक होती, आणि गिऱ्हाईक मुकाट दुरुस्त करून घेत होतं. असं कोण करतं हो?’ त्यांनी गाडी कडेला घेतली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

फेब्रुवारीत किटीबाई गेल्या. अंत्यविधीची प्रार्थना संगणकावर दाखवली गेली. भास्करराव आपल्या टेबलाशी टाय लावून बसलेले मला माझ्या खिडकीतून दिसत होते. उन्हाळ्यात किटीबाईंच्या घरी नवं कुटुंब आलं.

२०२१ चा डिसेंबर आला. नाताळच्या दिवशी अकरा वाजता माझ्या दाराची घंटा वाजली. टाय होता, दोन्ही हातांत टिन होतं.

‘या वेळी मीठ घातलंय,’ ते म्हणाले. ‘चाखलेलं नाही.’

मी टेबलाशी बसून खाल्लं. वरचा थर खरपूस, आत लोण्यात भिजलेला मऊ चुरा, सेजचा जरा औषधी वास. सुमनला आवडलं असतं. ते उभेच होते.

‘छान झालंय,’ मी म्हणालो.

‘छान म्हणजे?’

ते टिनच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, ‘आई गेल्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या हातच्या अन्नाला कुणी नाव ठेवलं नाही. किटीबाईंनी ठेवलं, ते एकदाच. नावं ठेवायलासुद्धा घरात माणूस लागतं हो. खरं सांगा.’

मी आणखी एक घास घेतला. सावकाश खाल्ला.

‘मीठ थोडं जास्त झालंय. आणि कांद्याला एका बाजूनं रंग आलाय.’

त्यांनी लगेच वही काढली. खाली मान घालून, बराच वेळ, दोन ओळींना लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ लिहीत राहिले. मग वही मिटली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बसले. मी चहा टाकला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

‘साखर जास्त आहे,’ ते म्हणाले.

एकतीस वर्षं हे वाक्य मी रोज सकाळी सुमनच्या तोंडून ऐकलं होतं. गेल्या दीड वर्षात एकदाही नाही. मी त्यांचा कप उचलला, ओट्याकडे वळलो आणि पातेल्यात नव्यानं पाणी घातलं.