एका दिव्याचं व्याज

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती आणि तिच्यावर पूल नव्हता. पुलाचं उद्घाटन मात्र झालं होतं. ते कसं, हे पुढं येईलच.

पूल नसल्यामुळं सगळे प्राणी रेवूबाई पाणमांजरीच्या तराफ्यातून पलीकडच्या बाजाराला जात. तराफा तिनं पतपेढीच्या कर्जातून बांधला होता. हप्ते ती वेळेवर भरत होती. मग पूर आला. तराफा वाहून गेला. हप्ते वाहून गेले नाहीत. पतपेढीनं तिचा मासे धरायचा हक्कसुद्धा जप्त केला. तरी कर्ज उरलंच. शेवटी रेवूबाईनं दिवाळं जाहीर केलं.

त्या जंगलात एक जुनी रीत होती. दिवाळं निघालं की भर दिवसा दारात दिवे लावायचे. जितकी कर्जं बुडाली, तितके दिवे. पुढच्या कर्ज देणाऱ्याला लांबूनच कळावं, हा हेतू. रेवूबाईच्या दारात एक पणती लागली.

घरात पिलं उपाशी होती. नवा तराफा हवाच होता. रेवूबाई पतपेढीत गेली. तिथं तरसेसाहेब व्यवस्थापक होते. जातीनं तरस, स्वभावानंही.

“साहेब, तराफ्यापुरतं द्या. पै न् पै फेडीन.”

“बाई, तुमच्या दारात दिवा आहे.”

“पूर काय मी आणला?”

“पूर कोणी आणला हे आम्ही विचारत नाही. दिवा आहे का, एवढंच विचारतो. व्याज तिप्पट पडेल. दोन जामीन आणा. आणि तारण म्हणून तराफा दाखवा.”

“अहो, तराफा असता तर तुमच्या दारात कशाला आले असते?”

“सगळे असंच म्हणतात,” असं म्हणून तरसेसाहेबांनी जांभई दिली.

ती जांभई अर्ध्यातच मिटली, कारण दारातून सोंडाजीशेठ आत येत होते. पुलाचं काम याच हत्तीकडं होतं. शेठनी खांबांसाठी कर्ज काढलं, कठड्यांसाठी काढलं, रंगासाठी काढलं, उद्घाटनाच्या मांडवासाठीही काढलं. उभा राहिला तो फक्त मांडव, आणि उद्घाटन त्यातच उरकलं. मग शेठचंही दिवाळं निघालं. रीतीप्रमाणं त्यांच्या वाड्याभोवती दिव्यांच्या रांगाच रांगा लागल्या. प्राणी आपली पोरं घेऊन रोषणाई बघायला जाऊ लागले.

“या या, शेठ! परवा सहकुटुंब येऊन गेलो. काय ते दिवे! हिला तर निघवेना.”

“रीत आहे साहेब. आपण नाही पाळायची तर कोणी?”

रेवूबाईला राहवलं नाही. “साहेब, ते दिवे कसले आहेत, ठाऊक आहे ना?”

“बाई, मोठ्यांच्या व्यवहारात तोंड घालू नका. रोज एवढं तेल जाळतात, म्हणजे ऐपत असणारच. शिवाय शेठ बसले तर पतपेढी बसेल.”

तरसेसाहेबांनी शेठचं जुनं कर्ज जवळजवळ सगळं माफ केलं. नवं दिलं, तेही निम्म्या व्याजानं.

“या वेळी कशासाठी म्हणायचं, शेठ?”

“तराफा काढतो म्हणतो,” शेठ डोळे पुसत म्हणाले. “पूल नाही ना. प्राण्यांचे फार हाल होतात हो.”

तराफा आला. भाडं दुप्पट झालं. वल्हवायला कोणी तरी हवं होतं. शेठनी रेवूबाईला बोलावलं.

“पगार अर्धा देईन. दिवाळखोराला कामावर ठेवायचं म्हणजे जोखीम माझी.”

रेवूबाई हो म्हणाली. पिलं घरी वाट बघत होती.

पहिल्या फेरीला तरसेसाहेब फुकट बसले. “बघा बाई, मिळाला की नाही तराफा? आमची पतपेढी कोणाला वाऱ्यावर सोडत नाही.”

रेवूबाईनं बांबू पाण्यात रोवला आणि साहेबांना सुखरूप पलीकडं पोचवलं.

तात्पर्य: मुलांनो, कर्ज बुडवणं वाईट, पण थोडं बुडवणं फारच वाईट. बुडायचंच असेल तर पतपेढीच्या गळ्याला घट्ट मिठी मारून बुडा. मग ती तुम्हाला तरंगत ठेवील आणि वर व्याजात सूटही देईल.