बोकारेंचा गुरुवार

वसंतराव बोकारे कोणालाही भेटले की हात जोडून म्हणायचे, "मी वसंतराव बोकारे. दारुडा. सध्या पीत नाही."

हे ते पोस्टमनला सांगत, डॉक्टरला सांगत, रेशनच्या रांगेत पुढच्या माणसाला सांगत. माझ्या बहिणीला पाहायला नागपूरची मंडळी आली तेव्हा शेजारी म्हणून बोकारेंना बोलावलं होतं. पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी मुलाच्या वडिलांनाही ते सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला. मुलाच्या वडिलांनी आपली बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "सोडली कशी?" दोघं अंगणात जाऊन बसले ते जेवायलाच आत आले. लग्न जमलं.

बोकारे आमच्याच फॅक्टरीत लेथवर होते. क्वार्टरही भिंतीला भिंत लागून. त्यामुळे एके काळी ते किती प्यायचे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बोकारेवहिनी मुलीला घेऊन अकोल्याला माहेरी गेल्या, तेव्हा त्या भिंतीपलीकडे सगळं शांत झालं आणि पिणं आणखी वाढलं.

मग आमच्या गावच्या सदर बाजारात, दारूच्या दुकानासमोर त्यांना फ्रान्सिस नावाचे रेल्वेचे गार्ड भेटले. "गुरुवार शाम को आओ," फ्रान्सिस म्हणाले. "चर्च के पीछे कमरा है. हम सब पीनेवाले बैठते हैं."

बोकारेंनी याचा सरळ अर्थ घेतला. घरून खारे शेंगदाणे घेऊन गेले.

"अहो, तासभर बसून राहिलो ना मी!" ते सांगायचे. "एक फौजेतला हवालदार रडून राहिला, एक वकील त्याची पाठ थोपटून राहिला. म्हटलं, यांनी माझ्या आधीच सुरू केली दिसते. मग केटली आली. म्हटलं, अच्छा, आता! पाहतो तर चहा."

"मग उठून काहून नाही आले?"

"येणारच होतो. पण तो हवालदार म्हणे, सकाळी पोरीच्या तोंडाकडे पाहवत नाही. मी हादरलो. माझ्या घरची गोष्ट याला कोणी सांगितली?" मग म्हणायचे, "शेंगदाणे तिथंच वाटून टाकले."

अशी ती दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक. तेव्हापासून गुरुवार म्हणजे गुरुवार. मधे घसरलेही. तेव्हासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि "आज पिऊन आलो" म्हणून खुर्चीत बसले. तिथं कोणी हाकललं नाही, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की पुढं त्यांनी दिसेल त्याला तिकडे न्यायचा सपाटा लावला. "चलो, चलो" म्हणत दंडच धरायचे. एकदा चक्कर येऊन पडलेल्या एका कारकुनाला असंच उचलून घेऊन गेले. तो जन्मात प्यायला नव्हता. चहा आणि गप्पा आवडल्या म्हणून तो बिचारा पुढंही येत राहिला.

वहिनी काही परतल्या नाहीत. मुलगी मात्र दिवाळीला येऊ लागली.

मग लढाई सुरू झाली. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद लागले, फॅक्टरीत ओव्हरटाइमला अंत राहिला नाही. फ्रान्सिस फौजेच्या गाड्यांवर, हवालदार सीमेवर. अंधारात बाहेर पडायला वकील आणि तो कारकून घाबरायचे. खोलीची किल्ली बोकारेंकडे आली आणि गुरुवारी ते एकटेच खुर्च्या मांडून बसू लागले. चहाला दूध मी आमच्याकडून नेऊन द्यायचो.

"कोणी येत नाही, तर केटलीभर चहा काहून करता?" मी एकदा विचारलं.

"एखादा आला अन् दाराला कुलूप दिसलं तर? घरून इथवर यायला काय लागते, मला ठाऊक आहे भाऊ."

त्याच संध्याकाळी दार वाजलं. दारात आमचे फोरमन दुबे साहेब. त्यांच्या वर्कशॉपमध्ये खोकायचीही लोकांना भीती. आज शर्टाची बटणं खालीवर लागलेली होती आणि वास माझ्यापर्यंत येत होता. मला पाहताच ते उंबऱ्यातच थिजले.

आता बोकारे आपली ओळख करून देणार, असं मला वाटलं. बोकारे उठले, हात जोडले.

"नमस्ते साहब. खिड़की का काला कागज़ देखने आए हैं न? अच्छा किया. आइए."

दुबे साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. "हाँ," ते म्हणाले. "वही."

"तुमची घरी वाट पाहून राहिले असतील," बोकारे मला म्हणाले. "चलो."

घरी कोणीच नव्हतं. आई बहिणीकडे नागपूरला होती, हे बोकारेंना पक्कं माहीत होतं. मी निघालो.

दुसऱ्या दिवशी दुबे साहेबांनी लेथवर बिघडलेल्या एका जॉबवरून सगळ्यांसमोर बोकारेंना झापलं. बोकारे मान खाली घालून "जी साहब, जी साहब" करत उभे होते. चहाच्या वेळी कोणीतरी विचारलं, "काय बोकारे, काल तुमच्या बैठकीला कोणी आलं का?"

"कोण येणार? लढाई चालू आहे."

पुढच्या गुरुवारी मी दूध घेऊन गेलो, तर बोकारे दारातच आडवे उभे राहिले. डबा बाहेरच घेतला.

"पुढच्या वेळी थोडं जास्त आणाल का?" ते म्हणाले. "त्यांना निव्वळ दुधाचाच चहा लागतो."

मग आपण काय बोलून गेलो हे ध्यानात येऊन ते एकदम कावरेबावरे झाले.

"म्हणजे मला," ते म्हणाले. "मलाच लागतो." आणि त्यांनी दार लोटून घेतलं.